आधी संडास, मग इमारत

माझ्या वहिनीला तिच्या साइटवर पाठीमागे 'संडास इंजिनीअर' म्हणत. तोंडावर अर्थातच 'मॅडम'. मला हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "खोटं कुठं आहे? कुणीतरी असायला हवाच ना तो."

मला अजून हसू आलेलं नाही. नणंद या नात्यानं तिचे दोष काढायचे तर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काढू शकेन. घरात कुणाचा वाढदिवस तिच्या लक्षात राहत नाही. कांदा चिरता चिरता ती खांद्याशी फोन धरून कुणालातरी सिमेंटच्या गोण्या झाकायला सांगत असते. वाद घालताना समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. पण वसतिगृहाच्या कामावर तिच्या बाबतीत जे झालं ते मला शांतपणे सांगता येत नाही, आणि येऊही नये.

दादाशी लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा एका उंच इमारतीच्या साइटवर नवीनच लागली होती. सबंध साइटवर इंजिनीअर बाई ती एकटी. रोज डब्याबरोबर आई तिला पाण्याची बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी ती भरलेलीच परत यायची. आईला वाटायचं, सून विसराळू आहे. मला वाटायचं, नखरे आहेत. मग एका उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, कंबरेत कळा येऊ लागल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलाय. तुम्ही पाणी का पीत नाही?"

तेव्हा तिनं सांगितलं. साइटवर बायकांना जायला जागाच नव्हती. पुरुष कुठल्याही भिंतीकडे तोंड करून मोकळे. मजूर बायका पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये झुडपांमागे जायच्या, जोडीनं. एक आत, एक पहाऱ्याला. वहिनीला त्यांच्यात जायची लाज वाटली, म्हणून तिनं पाणीच सोडलं.

ती सलाइन लावून पडलेली असताना बिल्डरसाहेबांचा निरोप आला की तब्येतीला झेपत नसेल तर ऑफिसात बसून नकाशे तपासा. एकेका घरात दोन-दोन बाथरूम काढून विकणारा माणूस! त्याला सगळ्या साइटवर एक आडोसा उभारायचं सुचलं नाही, आणि झेपत नव्हतं म्हणे हिला.

ती ऑफिसात बसली नाही. बरी झाली, दुसरी साइट धरली, मग तिसरी. हळूहळू तिचं नाव झालं. ज्या कामावर ती असेल तिथं माल वेळेवर येतो, कुणी रिकामं बसत नाही, केलेलं फोडून पुन्हा करावं लागत नाही, असं लोक म्हणू लागले. त्याचबरोबर 'शेवटी काय, बायकांना घर चालवायची सवय असते' असंही म्हणायचे. हे ऐकलं की ती खवळायची. "घर चालवताना माझ्या डोक्यावर क्रेन फिरत नसते," ती म्हणायची.

मी शाळेत गणित शिकवते. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. मी एकदा तिला विचारलं, "तू करतेस काय नेमकं? विटा गवंडी लावतो, नकाशा आर्किटेक्ट काढतो, पैसे मालक देतो. मग तू?"

ती म्हणाली, "काय हवंय ते आधी मालकाकडून पक्कं करून घ्यायचं. मग शेवटाकडून उलटं मागे यायचं. दाराला चौकट लागते, चौकटीला भिंत, भिंतीला खाली स्लॅब. स्लॅबमध्ये विजेच्या नळ्या आधीच टाकाव्या लागतात, म्हणजे दिवा कुठं लागणार हे त्याच्याही आधी ठरायला हवं. एक जण उशिरा आला की मागचे सगळे खोळंबतात. कोण कुणामुळे खोळंबलंय हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. झालं, एवढंच काम."

"आणि मजूर? ते कुठं येतात यात?"

"पहिल्या ओळीत."

तर हे वसतिगृहाचं काम. एका शिक्षणसंस्थेला बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह बांधायचं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी वहिनीला बोलावून सबंध प्रकल्प तिच्या हातात दिला. बाई नेमली म्हणून त्यांचं चार ठिकाणी कौतुकही झालं, आणि ते त्यांनी आनंदानं करून घेतलं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच पूर्णपणे तिचं होतं. घरी आम्ही तिला नवे मजबूत बूट घेऊन दिले.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष होते, आर्किटेक्ट होता, ठेकेदार होता. त्यातला एकेक माणूस वहिनी घरी येऊन हुबेहूब करून दाखवायची, त्यामुळे मी स्वतः तिथं बसले होते असंच मला वाटतं. तिनं कामाचं वेळापत्रक टेबलावर पसरलं. सगळ्यांत वर, पाया खणण्याच्याही आधी, लिहिलं होतं: कुंपण, पिण्याचं पाणी, बायकांसाठी व पुरुषांसाठी संडास, लहान मुलांसाठी सावलीची खोली.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "मॅडम, आपण मुलींचं वसतिगृह बांधतोय ना?"

"हो."

"मग सुरुवात संडासानं?" सगळे हसले.

"वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर काढलेत की आपण," वहिनी म्हणाली. "जी बाई ते बांधणार, तिला एक दिला तर काय बिघडेल?"

ठेकेदार मध्ये पडला. जुना, मुरलेला गडी. "मॅडम, या बायकांचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांना सवय असते."

"सवय तुम्हाला आहे, न बघण्याची," वहिनी म्हणाली. "त्यांचा नाइलाज असतो."

मग तिनं आवाज खाली आणून त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. बाई आडोसा शोधत लांब गेली की सोबत दुसरीही जाते, तेवढा वेळ मिक्सरपाशी माल पडून राहतो, गवंडी बिड्या फुंकत बसतो. उन्हात पाणी न प्यायलेली बाई दुपारनंतर भोवळ येऊन पडते. हे मात्र त्यांना पटलं. बाईचे हाल ऐकून ज्यांचा चेहरा हलला नव्हता, त्यांचा बिड्या फुंकणारा गवंडी ऐकून हलला! अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, करा." ठेकेदाराच्या करारातही वहिनीनं ती अट घालून घेतली. त्या दिवसापासून ती 'संडास इंजिनीअर' झाली.

संडास झाला. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत दिवा, बाहेर पाण्याचं पिंप, दाराला आतून कडी. कडी वहिनीनं स्वतः चार वेळा लावून-काढून पाहिली. मलवाहिनी त्या अंगाला असल्यामुळे तो फाटकाजवळच बांधावा लागला. मजूर बायकांची म्होरकी होती, तिला सगळे आक्का म्हणत. रुंद हाडाची, थोडं बोलणारी. आक्का गंभीर तोंडानं म्हणाली, "बाई, याचं उद्घाटन कुणाच्या हस्ते?"

"माझ्या!" असं ओरडत त्यांच्यातली एक तरुण पोर पळत आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली. दिवसभर तोंडाची टकळी चालू, म्हणून तिला चिमणी म्हणत. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. बायका दार बडवू लागल्या. आतून आवाज आला, "थांबा की! जन्मात पहिल्यांदा निवांत बसलेय, कुणी हाक मारत नाहीये!" वहिनीनं हे घरी सांगितलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

काम चांगलं चाललं. रोज सकाळी वहिनी सगळ्यांना उभ्याउभ्याच जमवायची: सुतार, सळया बांधणारे, वायरमन, प्लंबर, आक्का. आज कोण कुठं, कुणाला काय हवंय, कालचं काय राहिलंय. मग एक फेरी. लिफ्टसाठी तळमजल्याच्या मागच्या अंगाला खोल खड्डा सोडला होता, त्याच्याभोवती लोखंडी नळ्यांचा कठडा होता. तो ती रोज हातानं हलवून पाहायची. ठेकेदाराला हा पोरखेळ वाटायचा.

अध्यक्षांचं आणि तिचं मात्र पहिल्यापासून वाजायला लागलं. त्यांना वाटेल तेव्हा यायचं आणि वाटेल ते बदलायचं. पुढचे खांब उभे राहिल्यावर ते म्हणाले, दार डावीकडे घेऊ या, भव्य दिसेल. वहिनी म्हणाली, "घेऊ या. लेखी द्या. त्यापायी काय काय फोडावं लागेल आणि मुलींना खोल्या किती उशिरा मिळतील, ते मी लेखी देते." अध्यक्षांनी दिलं नाही. पण ज्या साइटवर आपल्या बोटाच्या इशाऱ्यावर काही हलत नाही ती साइट त्यांना सहन होईना. ते आले की वहिनीऐवजी ठेकेदाराशी बोलू लागले.

मग तो शनिवार आला.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दादा परगावी गेलेला, रात्री परतणार होता. वहिनीनं त्या कामावर घेतलेली ती पहिली रजा. आदल्या संध्याकाळी तिनं ठेकेदाराला सगळं नीट सांगितलं होतं: गिलावा करा, आतल्या भिंती करा, बाकी कशाला हात लावू नका. रविवारी एक देणगीदार नवरा-बायको काम पाहायला येणार होते, तेव्हा ती स्वतः हजर राहणार होती.

ऑपरेशन छान झालं. बाबा डोळ्याला पट्टी लावून पलंगावर बसले होते आणि चहा कधी मिळणार म्हणून नर्सच्या मागे लागले होते. दुपार कलली होती. वहिनीचा फोन वाजला. आक्का होती. फोनमधला आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

"बाई, चिमणी पडली. लिफ्टच्या खड्ड्यात."

"कशी पडली? कठडा होता ना?"

"काढला."

"कुणी?"

"काढायला लावला. आणि आपला संडासपण पाडला, बाई."

झालं होतं ते असं. सकाळी अध्यक्ष आले. उद्या पाहुणे येणार, आणि फाटकातून आत पाऊल टाकताच समोर काय, तर मजुरांचा संडास! हे शोभतं का? ठेकेदार म्हणाला, शोभत नाही. दुपारच्या आत तो जमीनदोस्त झाला. राडारोडा उचलला, जागेवर चटया अंथरल्या, फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. स्वागताची कमान उभी करायला लोखंडी नळ्या कमी पडल्या, म्हणून लिफ्टच्या खड्ड्याचा कठडा सोडवून नेला.

आक्कानं विचारलं, "आम्ही कुठं जायचं?"

ठेकेदार म्हणाला, "आजचा दिवस धरा."

आजचा दिवस धरा! हे मी कितीदा मनाशी म्हणून पाहिलंय. तो माणूस घरी गेल्यावर जेवला असेल, त्याच्या घरी बायको असेल, मुली असतील. त्यांना तो असं म्हणाला असता का? एका सबंध दिवसाच्या उन्हात, घमेली वाहत, दहा-बारा बायकांनी धरून ठेवायचं, कारण कुंड्या छान दिसतात.

चिमणीनं दुपार कलेपर्यंत धरलं. इथंही शेजारी रिकामा प्लॉट होता, पण तो कुंपणापलीकडे. शेवटी ती तळमजल्याच्या मागच्या अंगाला, जिथं उजेड पोचत नव्हता आणि कुणी बघणार नव्हतं, तिथं गेली. कठडा काढलाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता कुठं आहे ती?" वहिनीनं विचारलं.

"टेम्पोत घातलीय. मुकादम म्हणतो, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ. ठेकेदारानं सांगितलंय, उद्या पाहुणे आहेत, गाजावाजा नको."

वहिनी ताडकन उठली. दवाखान्याच्या त्या शांत खोलीत तिचा आवाज असा चढला की बाबांनीसुद्धा चहाचं बोलणं थांबवलं. "आक्का, टेम्पो थांबवा. चाकासमोर उभ्या राहा सगळ्याजणी. तिला हलवू नका, बसवू नका, पाय ओढू नका. मी ॲम्ब्युलन्स पाठवते. आणि फोन त्या ड्रायव्हरच्या कानाला लावा."

ड्रायव्हरला ती काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. टेम्पो हलला नाही.

चिमणीला आमच्याच दवाखान्यात आणलं. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतक्या गमती ऐकल्या होत्या तिच्या, आणि स्ट्रेचरवर एक एवढंसं, धुळीनं माखलेलं पोरगं होतं, ओठ दातांखाली धरलेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. वहिनी तिच्यावर वाकली. चिमणीनं तिचा हात घट्ट धरला आणि काय म्हणाली ठाऊक आहे?

"मॅडम, मी तिथं घाण नाही केली हो. करायच्या आधीच पडले."

हाड मोडलेलं, कळांनी जीव जातोय, आणि पोरीला चिंता कसली, तर आपल्यावर घाण केल्याचा आळ येईल याची. तिला इतकं शरमिंदं कुणी केलं? मी भिंतीकडे तोंड केलं. वहिनी मात्र रडली नाही. तिनं डॉक्टरांशी बोलून घेतलं, मग व्हरांड्यातूनच कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अपघात कळवला. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"मॅडम, खर्च संस्था बघेल. कळवण्याचं वगैरे सोमवारी बघू. उद्या फक्त सगळं नीट पार पडू दे."

"कळवून झालं," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

रात्री दादा परगावाहून थेट दवाखान्यात आला. त्याला सगळं सांगितलं. तो शांत स्वभावाचा आहे, चांगला आहे, माझा सख्खा भाऊ आहे. पण तो म्हणाला, "दवाखान्यात आणलंस ना तिला? मग झालं. उद्या आणखी ताणू नकोस. एवढं मोठं काम पुन्हा मिळायचं नाही."

वहिनी बाबांची औषधं आवरत राहिली. मी बोलले. "दादा, मी त्या खड्ड्यात पडले असते तर हेच म्हणाला असतास?"

"तू कशाला पडशील?"

"हेच तर! मी का पडणार नाही, याचा विचार कर जरा."

आमचं बरंच झालं. शेवटी बाबा पलंगावरून, एका डोळ्यानं आम्हा दोघांकडे बघत म्हणाले, "सूनबाईला झोपू दे रे. सकाळी तिला काम आहे."

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. साइटवर पोचताच तिनं आधी खड्ड्यापाशी जाऊन सगळीकडचे फोटो काढले, तिथं दोरी बांधली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि फाटकाला कुलूप घातलं. अपघात झाला की अधिकारी येऊन बघेपर्यंत जागेला कुणी हात लावायचा नाही, हा साधा नियम आहे. आक्का आणि बाकीच्या बायका फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रविवार होता, सुट्टी होती.

अध्यक्षांची गाडी आली, मागोमाग पाहुण्यांची. म्हातारं जोडपं होतं. आत कुंड्या आणि कमान, बाहेर कुलूप.

"किल्ली द्या," अध्यक्ष दात आवळून, हसरा चेहरा ठेवून म्हणाले.

"देता येत नाही. काल इथं अपघात झालाय."

"किरकोळ आहे," अध्यक्ष पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "कामावर होतं असं. बरी आहे ती."

"खुब्याचं हाड मोडलंय," वहिनी म्हणाली. "आज तिचं ऑपरेशन आहे. तुम्ही येणार म्हणून काल बायकांचा संडास पाडला आणि खड्ड्याचा कठडा काढून ही कमान बांधली. ती पोर अंधारात आडोसा शोधत गेली आणि पडली."

अध्यक्षांचं हसू गेलं. "मॅडम, घरातली भांडणं पाहुण्यांसमोर काढू नका."

"माझं घर दुसरीकडे आहे. ही साइट आहे, आणि सध्या तरी माझ्या ताब्यात आहे."

मला वाटलं, आता ते पाहुणे काहीतरी म्हणतील. अध्यक्षांना चार शब्द सुनावतील. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. ते म्हणाले, "आपण नंतर कधीतरी येऊ." त्यांच्या बायकोनं तेवढं विचारलं, "वाचेल ना ती मुलगी? चालता येईल ना?" वहिनी म्हणाली, "ऑपरेशननंतर कळेल." मग दोघं गाडीत बसली आणि गाडी गेली. बस्स. एवढंच झालं. जगात न्यायाची चाड किती जणांना आहे हे मोजायचं असेल तर असल्या फाटकाबाहेर अर्धा तास उभं राहावं.

कामगार अधिकारी आले, त्यांनी पाहणी केली आणि सांगितलं: संडास आणि कठडा होईपर्यंत काम बंद. ठेकेदारानं बायकांना दम दिला की तुम्हाला काढून दुसऱ्या आणीन. आक्का म्हणाली, "आणा. त्यांनाही लागतेच की." मग कुंड्या हलल्या, आणि ज्या जागेवरचा पाडला होता त्याच जागेवर संडास पुन्हा उभा राहिला. उद्घाटनाची गंमत या खेपेला कुणी केली नाही.

संस्थेनं आपलीही एक चौकशी केली. तिघांची समिती. माझी सुट्टी होती म्हणून मी वहिनीबरोबर गेले, आणि मला बाहेर थांबा असं कुणी म्हणालं नाही म्हणून आत बसले. मधल्या गृहस्थांनी निष्कर्ष वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की सदर महिला कामगार विनाकारण इमारतीच्या धोकादायक भागात गेली.

वहिनी म्हणाली, "विनाकारण हा शब्द काढा."

"तांत्रिक भाषा आहे, मॅडम."

"कारण होतं. तुम्हा तिघांनाही दिवसातून चार-पाचदा ते कारण असतं. आत्ता चहा झालाय, थोड्या वेळानं पुन्हा असेल. तेव्हा तुम्ही उठून त्या दारातून जाल, आणि कुणी तुम्हाला आजचा दिवस धरा म्हणणार नाही."

मधले गृहस्थ म्हणाले, "पण सुरक्षेची अंतिम जबाबदारी तुमचीच होती ना?"

"होती," वहिनी म्हणाली. "रजेवर जाताना माझ्या जागी कुणाला 'नाही' म्हणायचा अधिकार देऊन गेले नाही. ठेकेदाराच्या भरवशावर साइट सोडली, ही माझी चूक. ती माझ्या नावावर लिहा. चिमणीच्या नावावर काही लिहू देणार नाही."

मी चिडून तिच्याकडे पाहिलं. कबूल कशाला करायचं! पण तो 'विनाकारण' निघाला. तिच्या चुकीची मात्र त्यांनी मनापासून, अर्ध्या पानाची नोंद केली, आणि ठेकेदार व अध्यक्ष यांच्याबद्दल 'समन्वयाचा अभाव' एवढे दोन शब्द लिहिले. संडास पाडणं म्हणजे समन्वयाचा अभाव! मुलांनी पेपरात असं उत्तर लिहिलं तर मी भोपळा देईन.

अधिकाऱ्यांच्या आदेशामुळे चिमणीच्या उपचाराचा आणि भरपाईचा भार ठेकेदारावर पडला. वहिनीला संस्थेनं, काम अधिक सुरळीत व्हावं म्हणून, मोकळं केलं. ठेकेदार राहिला.

बरेच महिने ती घरी होती. नातेवाईक येऊन सांत्वन केल्यासारखं बोलायचे: काय गरज होती, संडासावरून कुणी नोकरी घालवतं का. मी त्यांना चहा न विचारता वाटेला लावायला शिकले. दादानं मात्र एक दिवस आपणहून सांगितलं, "मी चुकीचं बोललो होतो त्या दिवशी." वहिनी म्हणाली, "हो." पुढं दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण त्यानंतर नातेवाइकांना तो स्वतःच उत्तरं देऊ लागला.

वसतिगृह पुरं झालं. उद्घाटनाला आमच्या शाळेलाही आमंत्रण होतं. मी गेले, मुद्दाम. अध्यक्षांनी भाषण केलं. स्त्रीचा सन्मान हे शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की माझ्या शेजारच्या बाईंनी भारावून टाळ्या वाजवल्या. मी त्यांना म्हटलं, "टाळ्या थांबवा, मी तुम्हाला एक गोष्ट सांगते." समारंभ संपेपर्यंत मी सांगत होते. मागच्या रांगेतून कुणीतरी गप्प बसायला सांगितलं. मी बसले नाही.

वहिनीला पुढं एका बसस्थानकाचं काम मिळालं. तिथं रजेवर जाताना ती एका माणसाला नेमून जाते आणि सगळ्यांसमोर सांगते की आज याचा शब्द तो माझा शब्द. आक्काची टोळी अजून काम करते, वेगवेगळ्या ठेकेदारांकडे. पण आता ती कुठल्याही साइटवर गेली की घमेलं खाली ठेवायच्या आधी विचारते, "बायकांची जागा कुठंय? आधी दाखवा." नसेल तर टोळी परत फिरते. दोन-तीन ठेकेदार चरफडत का होईना, बांधून द्यायला लागलेत.

चिमणी चालते. पायात खोट राहिली आहे, ओझं उचलता येत नाही. मजुरीला जाणं संपलं. वहिनीनं तिला बसस्थानकाच्या साइटवर लहान मुलांच्या खोलीत कामाला घेतलं आणि ती तिथं पोरांना गोष्टी सांगत बसते, टकळी अजून तशीच आहे. लोक म्हणतात, बघा, शेवटी तिचं चांगलंच झालं की. असं म्हणणाऱ्यांशी मी बोलणं सोडलंय. तिला पळता येत होतं. मी तिला पळताना कधीच पाहिलं नाही.